पट्टीच्या साहाय्याने तरफेचा नियम पडताळणे
पट्टी षटकोनी पेन्सिलीवर आडवी ठेवून ती जिथे तोलून राहील तिथे खूण करावी. गोल पेन्सिल घरंगळते, म्हणून ती टाळलेली बरी. या टेकूपासून ५ सेंटिमीटरवर दोन सारखी नाणी एकावर एक ठेवली, तर दुसऱ्या बाजूला १० सेंटिमीटरवर ठेवलेले तसेच एकच नाणे त्यांना तोलून धरते, कारण भार आणि टेकूपासूनचे अंतर यांचा गुणाकार दोन्हीकडे सारखाच येतो. अंतर नाण्याच्या कडेपासून नव्हे, मध्यापासून मोजावे. बहुतेकांची चूक इथेच होते. एकटे नाणे बोटाने हळूच दाबल्यास ते जितके खाली जाते, त्याच्या निम्मीच उंची दुसरी बाजू गाठते. बल निम्मे लागते खरे, पण अंतर दुप्पट कापावे लागते. कार्य, म्हणजे बल आणि कापलेले अंतर यांचा गुणाकार, तेवढेच राहते.