पन्नाशीनंतर राजमाची: मैत्रिणींसोबत काजव्यांची रात्र

आम्ही पाच जणी शाळेपासूनच्या. आता एकीला मधुमेह आहे, दोघींचे गुडघे कुरकुरतात. तरी मेअखेरीस लोणावळ्याजवळच्या राजमाची किल्ल्याची एक रात्र आम्ही चुकवत नाही. तुमचाही असा जुना गोतावळा असेल तर हे वाचून तारीख ठरवाच.

तारीख पंचांगात बघून ठरवायची. काजवे साधारण मेच्या शेवटच्या आठवड्यापासून पाऊस जोर धरेपर्यंत दिसतात, आणि चांदण्यात ते फिके पडतात. म्हणून अमावास्येच्या मागचेपुढचे तीन-चार दिवस धरा. शनिवार-रविवारी फार गर्दी होते. रजा काढता येत असेल तर मधल्या वारी जा.

पुण्याहून सकाळच्या पहिल्या लोकलने लोणावळा, तिथून तुंगार्ली धरणावरून उधेवाडी या किल्ल्यालगतच्या गावापर्यंत चालत साधारण पंधरा किलोमीटर. वाट बहुतेक सपाट, कच्च्या रस्त्याची. एका वर्षी आम्ही गप्पांच्या नादात दहाला चालायला लागलो आणि बाराच्या उन्हात एकीला पायात गोळे आले. तासभर जांभळीखाली बसून मीठ-साखरेचं पाणी पाजलं, तेव्हा ती उठली. तेव्हापासून साडेसहाला पाऊल उचललंच पाहिजे, असा नियम आहे. माणशी तीन लिटर पाणी घ्या. मधुमेह असलेल्या मैत्रिणीच्या गोळ्या आणि खाऊ तिच्याच पिशवीत असू द्या, शिवाय गोळ्यांची एक जादा पट्टी दुसरीकडे ठेवा.

सगळ्यांत हळू चालणारीला पुढे ठेवा. मागे ठेवली की ती धापा टाकत पोचते तोवर बाकीच्या विसावा घेऊन निघालेल्या असतात, तिला विसावा मिळतच नाही. ती पुढे असली की सगळ्यांचा वेग आपोआप जुळतो. वाटेत करवंदं दिसतात. ती वेचायला वेळ राखूनच ठेवा.

जेवण उधेवाडीतल्या एखाद्या घरी आधी फोन करून सांगून ठेवा. पिठलं-भाकरी, ठेचा, कांदा. किती जणी आहात ते नेमकं सांगा, ठरलेले पैसे पूर्ण द्या. दुपारी ओसरीवर पडी टाका आणि उन्हं कलल्यावर राजमाचीच्या दोन बालेकिल्ल्यांपैकी श्रीवर्धन चढा. दुसरा मनरंजन, त्याच्यापेक्षा ठेंगणा. दोन्ही एका दिवसात करायचा हट्ट आम्ही सोडला आहे. अंधार पडायच्या आत खाली या. आभाळ भरून आलं, गडगडायला लागलं तर वर थांबूच नका, आणि एकट्या झाडाखालीही उभ्या राहू नका.

तंबू लावताना दोन गोष्टी. मेमधली जमीन इतकी टणक असते की खुंट्या शिरत नाहीत. दोऱ्या मोठ्या दगडांना बांधा. आणि तंबूखाली अंथरायचं प्लास्टिक तंबूच्या कडेबाहेर येऊ देऊ नका, आत दुमडा. बाहेर राहिलं तर वळवाचं पाणी त्यावर साचून थेट पाठीखाली येतं. आम्ही एक अख्खी रात्र अशी बसून काढली आहे. तीन जणींचा म्हणून विकतात त्या तंबूत दोघीच झोपा. चपला-बूट सकाळी झटकून मगच पाय घाला, विंचू असतो.

साडेसात-आठला झाडांकडे निघा. विजेरीवर लाल जिलेटीन कागद बांधा, मोबाइल खिशात ठेवा. काजव्यांचे नर लुकलुकून मादीला साद घालतात. पांढऱ्या झोतात ती साद हरवते. गवतातही काजवे बसलेले असतात, म्हणून वाट सोडू नका. एकही काजवा पकडू नका, नातवंडांसाठीसुद्धा नाही.

मग बसा. पहिली दहा मिनिटं डोळे सरावेपर्यंत फार दिसत नाही. नंतर एखादं अख्खं झाड एका तालात उजळतं, विझतं, आणि शेजारचं त्याला जोड देतं. दिवसभर अखंड बोलणाऱ्या आम्ही पाच जणी तिथे गप्प होतो. गेल्या वर्षी त्या अंधारात एकीने माझा हात धरला. नवरा गेल्यानंतरची तिची ती पहिलीच सहल होती. काही बोलली नाही, मीही विचारलं नाही.

परतताना कोंढाणे लेण्यांवरून कर्जतला उतरायची वाट सुंदर आहे, पण उतार तीव्र आहे. गुडघे दुखत असतील तर आल्या वाटेनेच जा, नाहीतर गावातून जीप ठरवा. आम्ही जीपने येतो, आणि लोणावळ्याला चहा पिताना पुढच्या वर्षीची अमावास्या बघून ठेवतो.