पाठीच्या शस्त्रक्रियेनंतर हिरवी उलटी होत असेल तर

कण्याचा बाक, म्हणजे स्कोलिओसिस, सरळ केल्यावर मुलाची उंची वाढलेली पाहून घरच्यांना आनंद होतो. पण कणा सरळ होताना पडणाऱ्या ताणामुळे क्वचित पोटात अडथळा निर्माण होतो. महाधमनी आणि तिच्यातून फुटून खाली उतरणारी आतड्याची धमनी यांच्या बेचक्यातून ड्युओडेनम हा लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग जातो. तिथे एरवी 10 ते 28 मिलिमीटर अंतर असते. ते 8 मिलिमीटरच्या आत आले की आतडे चिमटीत सापडते. याला त्या आतड्याच्या धमनीच्या (सुपिरिअर मेसेंटेरिक आर्टरी) नावावरून एसएमए सिंड्रोम म्हणतात. अंगाने सडपातळ मुलांमध्ये धोका अधिक, कारण बेचक्यातील चरबीची गादी आधीच विरळ असते.

शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत विशेष लक्ष ठेवावे. दोन घासांत पोट भरणे, बेंबीच्या वर फुगणे आणि पित्तमिश्रित हिरवी उलटी होणे, ही लक्षणे गॅस समजून अंगावर काढू नयेत. उलटी पांढऱ्या भांड्यात धरावी, म्हणजे रंग नीट कळतो. वेळ आणि अंदाजे प्रमाण लिहून ठेवावे. ‘थोडा संत्र्याचा रस तरी घे’ असा प्रेमाचा आग्रह येथे घातक ठरतो. उलट्या थांबत नसतील तर तोंडाने काहीही न देता त्याच दिवशी, शस्त्रक्रिया जिथे झाली तिथे, मग ते नागपूरचे मेडिकल रुग्णालय असो, मेयो असो वा एम्स, डिस्चार्ज कार्ड घेऊन जावे. नागपूरच्या मे महिन्यात शरीरातील पाणी फार लवकर आटते, आणि चंद्रपूर-गडचिरोलीहून येणाऱ्यांनी तर सकाळची वाट पाहूच नये. डाव्या कुशीवर बरे वाटते. मात्र कूस बदलताना पाठ पिळू न देता खांदे व कंबर एकाच वेळी वळवावी. पालथे झोपवायचे असल्यास आधी सर्जनना विचारावे.

रुग्णालयात नाकातून नळी घालून जठर रिकामे करतात, सलाइनने पाणी व पोटॅशियम भरून काढतात आणि कॉन्ट्रास्ट सीटी (औषध देऊन केलेला स्कॅन) किंवा बेरियम तपासणीने (पांढरे औषध पाजून काढलेले एक्स-रे) अडथळ्याची जागा पाहतात. त्यानंतर अडथळ्यापलीकडे सरकवलेल्या बारीक नळीतून, ते न जमल्यास शिरेतून पोषण देतात. वजन वाढून चरबीची गादी भरली की वाट बहुधा मोकळी होते. तरीही सुधारणा न झाल्यास ड्युओडेनम पुढच्या आतड्याला जोडण्याची शस्त्रक्रिया करतात.

नळी काढल्यावर पातळ आहारापासून सुरुवात करून दिवसातून सहा-सात वेळा थोडे थोडे द्यावे आणि दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करावे.