ॲडव्हान्स टॅक्सच्या तारखा हुकायच्या, तो घोळ असा मिटवला

व्यावसायिक फीवर १० टक्के टीडीएस (फी देणारा आधीच कापून सरकारकडे भरतो तो कर) कापला गेला की कर भरून झाला, असं वाटायचं. तसं नसतं. टीडीएस वजा करून वर्षाचा कर १०,००० रुपये किंवा जास्त निघाला, तर तो वर्ष चालू असतानाच हप्त्यांनी भरायचा असतो; हाच ॲडव्हान्स टॅक्स. १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरला एकूण ४५, १५ डिसेंबरला ७५ आणि १५ मार्चला १०० टक्के भरलेला लागतो. जूनचा हप्ता एक दिवस चुकला तरी तुटीवर महिना १ टक्का दराने ३ महिन्यांचं व्याज बसतं.

म्हणून मोबाइलवर आठवण १५ ची नाही, ५ तारखेची लावली. तेवढ्यात बँकेचं स्टेटमेंट आणि टीडीएस जुळवून होतात. चलनात ‘ॲडव्हान्स टॅक्स (१००)’ निवडा, ३०० हा कोड सेल्फ असेसमेंटचा, म्हणजे वर्ष संपल्यावर उरलेला कर भरण्याचा. अनुमानित उत्पन्नाची योजना (जमेच्या ठरावीक टक्के उत्पन्न धरून कर भरायची) घेतली असेल, तर एकच तारीख: १५ मार्च.