ओबीच्या ढिगाऱ्यावर झाड लावण्याआधी

वणी, घुग्घुस, राजुरा, चंद्रपूर या कोळसाखाणींच्या पट्ट्यात दर पावसाळ्यात खाणीच्या मातीच्या डोंगरांवर (यांनाच ओबीचे, म्हणजे ओव्हरबर्डनचे ढिगारे म्हणतात: कोळशावरची उकरून बाहेर टाकलेली माती आणि दगड) रोपं लावली जातात आणि पुढच्या मे महिन्यात त्यांतली कितीतरी वाळून गेलेली दिसतात. मी वणी तालुक्यातली. आमच्या बचत गटाची रोपवाटिका आहे, आणि अशा ढिगाऱ्यांवर लागवडीची कामं आम्ही बाया करतो. वडिलांचं वावर कोळशात गेलं, म्हणून हे काम माझ्यासाठी नुसती मजुरी नाही. जे सांगणार आहे ते अशा गावांसाठी, ज्यांच्या शिवारालगत ढिगारा उभा आहे आणि ज्यांना तो हिरवा झालेला बघायचाय. आधी पाणी, मग उतार, मग माती, मग गवत आणि सगळ्यात शेवटी झाड, हा क्रम सोडू नका.

एक गोष्ट आधीच सांगते. खाणीच्या हद्दीत लेखी परवानगीशिवाय जायचं नाही. पावसाळ्यात ताज्या ढिगाऱ्याच्या उतारावर किंवा पायथ्याशी कोणी थांबायचं नाही, मग परवानगी असली तरीही.

ढिगारा वाचायला शिका

आमच्याकडे वर काळी माती, खाली मुरूम आणि चिकणमाती, मग कामठी थराचा तांबूस वाळूदगड, आणि कोळशाजवळ बराकार थराचा राखाडी वाळूदगड आणि काळा पाटीसारखा दगड. खाण खोदताना वरचं आधी निघतं आणि तळचं शेवटी. बाहेर टाकताना तोच क्रम उलटा होतो. माती वेगळी काढून ठेवली नसेल, तर ती ढिगाऱ्याच्या पोटात गाडली जाते आणि सगळ्यात खोलचा, कधी ऊन न पाहिलेला दगड माथ्यावर येतो. आपण रोप लावतो ते त्या दगडात.

म्हणून खड्डे खणण्याआधी चार-पाच ठिकाणचा नमुना घ्या. काचेच्या बरणीत मूठभर माल आणि पावसाचं पाणी घालून हलवा आणि रात्रभर ठेवा. सकाळी पाणी निवळलं नाही, दुधासारखंच राहिलं, तर तो माल पहिल्या पावसात विरघळून नाल्यात जाणार आहे. निवळलं असेल तर त्यात पीएचची, म्हणजे आम्लपणा दाखवणारी पट्टी बुडवा. ६ ते ८ च्या मध्ये आली तर काम सोपं. ५.५ च्या खाली आली तर त्या दगडात लोह-गंधकाचं खनिज आहे, हवापाणी लागून त्याचं आम्ल होतंय असं समजा. पायथ्याच्या चरात भगवा, लोण्यासारखा मऊ गाळ बसलेला दिसला तर तीही त्याचीच खूण. सगळ्या ढिगाऱ्यांतून आम्ल येत नाही, पण येतं तिथे झाडांआधी त्याचा बंदोबस्त लागतो.

हिवाळ्यात पहाटे जाऊन लांबून बघा. कुठे धूर, वाफ किंवा गंधकाचा वास येतोय का? काळ्या दगडासोबत टाकलेला कोळशाचा चुरा आतल्या आत पेट घेतो. अशा जागेवर लागवड करायची नाही. ते काम यंत्राचं आहे: तापलेला माल उकरून गार करणं आणि चिकणमातीने दाबून हवा तोडणं. खाणीच्या व्यवस्थापकाला लेखी कळवा.

पाणी

हा भाग मी सगळ्यात लांब लिहिणार आहे, कारण बाकी सगळं यावर उभं आहे.

१ हेक्टरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १० हजार लिटर पाणी. १० हेक्टरच्या ढिगाऱ्यावर एका दिवसात १०० मिलिमीटर पडला, आणि आपल्याकडे जुलैत तो पडतो, तर १ कोटी लिटर. त्यातलं अर्धं जरी वाहून खाली आलं तरी ५० लाख लिटर गढूळ पाणी एका दिवसात नाल्याकडे निघालं. नाला त्या गाळाने भरतो, त्याची खोली जाते, आणि पुढच्या पुरात पाणी वावरात शिरतं. चंद्रपूरला इरई नदीकाठच्या ढिगाऱ्यांवरून इतकी वर्षं ओरड आहे ती याचसाठी.

पहिलं काम पायथ्याला. ढिगाऱ्याच्या सगळ्या बाजूंनी चर, आणि चर आणि ढिगारा यांच्या मध्ये, ढिगाऱ्याला लागून दगडी भिंत. सिमेंटची नको. आतलं पाणी झिरपून बाहेर येऊ द्यायला जाळीतल्या दगडांची गॅबियन भिंत बरी, नाहीतर मागे पाणी साचून भिंतच ढकलली जाते. चराचं पाणी थेट नाल्यात सोडायचं नाही. मध्ये एकामागून एक दोन-तीन गाळतळी हवीत. पहिल्यात जाड रेती बसते, दुसऱ्यात बारीक गाळ, तिसऱ्यात पाणकणीस लावा. जूनच्या आधी तळी उपसलेली असलीच पाहिजेत. गाळाने भरलेलं तळं असून नसल्यासारखं.

आम्ल येत असेल तर तळ्याआधीचा चर चुनखडीच्या दगडाने भरा. वणी-राजूर भागात चुनखडी आणि चुनाभट्ट्या आहेत, दगड लांबून आणायला लागत नाही. पण चुनखडीवर गंजाचा थर चढतो आणि मग ती काम करेनाशी होते. दर उन्हाळ्यात दगड उलटेपालटे करायचे, फार माखलेले बदलायचे. पट्टीने वर-खाली दोन्हीकडे पीएच मोजून वहीत लिहा. बाहेर सोडलेल्या पाण्याचा पीएच ५.५ ते ९ च्या मध्ये आणि तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅमच्या आत असावा, हा नियम आहे.

आता नाला. खाणीसाठी वळवलेले नाले बहुतेक सरळ, एकसारख्या रुंदीचे खोदतात. सरळ नाल्यात पाण्याचा वेग वाढतो आणि ते तळ कापत जातं. भूमी अभिलेख कार्यालयातून गावाचा जुना नकाशा काढा, जुना नाला किती रुंद होता आणि कुठे वळत होता ते बघा. गावातल्या म्हाताऱ्यांना घेऊन काठाने चाला. १९९४ चा पूर कुठवर आला होता, २०२२ चा कुठवर, हे त्यांना झाडानिशी सांगता येतं. नव्या नाल्याला दोन्ही बाजूंनी पुराचं पाणी पसरायला सपाट पट्टा हवाच. वळणाच्या बाहेरच्या बाजूला मोठे दगड, आतली बाजू मोकळी. काठावर वाळा लावा, त्याची मुळं सरळ खाली जातात आणि माती धरून ठेवतात. मागे निर्गुडी, करंज, जांभूळ, उंबर.

उन्हाळ्यातही वाहणाऱ्या नाल्याला भुलू नका. ते पाणी अनेकदा खाणीच्या पंपाचं असतं. खाण बंद झाली, पंप थांबले, की नालाही आटतो. त्या भरवशावर बंधारे आखू नका.

नाल्यातल्या काळ्या गाळाबद्दलही एक सांगायचंय. तळ्यातल्या गाळासारखा दिसतो म्हणून लोक तो वावरात नेतात. वाळवून मूठभर निखाऱ्यावर टाका. पेटला, कोळशाचा वास आला, तर ते खत नाही, कोळशाची धूळ आहे.

उतार

पर्यावरण मंजुरीच्या अटींत ढिगाऱ्याचा एकूण उतार २८ अंशांपेक्षा जास्त नसावा असं असतं. म्हणजे १ मीटर चढायला साधारण १.९ मीटर आडवं अंतर. उतार मोजायला पाणलोटाच्या कामात वापरतो तीच लाकडी ए-फ्रेम (ए अक्षरासारखी, ओळंबा लावलेली चौकट) इथेही चालते. पायऱ्या पाडलेल्या असतील तर प्रत्येक पायरी बाहेर नाही, आत झुकलेली हवी, आणि आतल्या कडेने चर. तिथून पाणी खाली उतरवायला दगड लावलेली ठरावीक उतरण ठेवा. पाण्याला तुम्ही वाट दिली नाही तर ते स्वतः घळ पाडतं आणि तुमचं वर्षाचं काम घेऊन जातं.

माती

सगळ्यात महाग वस्तू हीच. वरची काळी माती वेगळी काढायची, उंच ढीग करायचा नाही आणि जितक्या लवकर वापरता येईल तितकी चांगली. वर्षानुवर्षं उंच ढिगात पडली की आतलं बी मरतं, जिवाणू आणि बुरशी मरते. वापरायला वेळ असेल तर तिच्यावर ताग किंवा धैंचा पेरून ठेवा.

पसरण्याआधी खालचा थर फोडायला लावा. डंपरच्या चाकांखाली तो इतका दाबला जातो की मुळं शिरत नाहीत. डोझरच्या मागच्या नांग्याने, उताराला आडवं, दोन-अडीच फूट खोल. मग माती, निदान ३० सेंटिमीटर. हिशेब करा: १ हेक्टरला ३,००० घनमीटर लागते. एवढी नसेल तर सगळीकडे बोटभर पसरण्यापेक्षा पायऱ्यांवर आणि खड्ड्यांत भरा. आणि माती पसरल्यावर तिच्यावर एकही गाडी जाऊ द्यायची नाही. याबाबत ड्रायव्हरशी भांडायची वेळ आली तर भांडा.

मातीच नसेल तर? नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेने कोळसाखाणीच्या ढिगाऱ्यावर कागद कारखान्याच्या सांडपाणी प्रक्रियेतला गाळ हेक्टरी ५० टन टाकून, सोबत जिवाणू खतं आणि मुळांवरची मायकोरायझा बुरशी देऊन झाडं जगवून दाखवली आहेत. गावपातळीवर शेणखत, कंपोस्ट आणि जुन्या जंगलातल्या झाडाखालची मूठभर माती, एवढं प्रत्येक खड्ड्यात द्या. त्या मुठीत बुरशी येते.

गवत

पहिला पावसाळा गवताचा. मारवेल, पवन्या, हेमाटा (हा शेंगवर्गीय चारा), आणि मध्ये ताग. हेमाटाचं बी कडक असतं, गरम पाण्यात चार-पाच मिनिटं ठेवून वाळवा आणि मग पेरा. पहिला चांगला पाऊस झाला की लगेच, उताराला आडव्या ओळींत. बी वाहून जाऊ नये म्हणून नारळाच्या काथ्याच्या जाळ्या विकत मिळतात, पण आपल्याकडे पऱ्हाट्या, म्हणजे कपाशीची वाळलेली झाडं, फुकट आहेत. त्या आडव्या टाकून खुंट्यांनी ठोका, त्यांच्यामागे माती अडते. फक्त न फुटलेली बोंडं लटकलेल्या पऱ्हाट्या आणू नका, त्यात गुलाबी बोंडअळी दडलेली असते आणि शेजारच्या वावरात कपाशी आहे. ताग फुलावर आला की कापून तिथेच पाडा.

वेडी बाभूळ नको. सुबाभूळ नको. ऑस्ट्रेलियन बाभूळ भराभर वाढते, दुरून हिरवं दिसतं, पण खाली गवत फारसं येत नाही आणि गुरांना तिचा उपयोग नाही.

झाड

दुसऱ्या पावसाळ्यात. खड्डा ६० सेंटिमीटरचा, रोप निदान वर्षभराचं. सुरुवात सिरस, खैर, करंज, पळस, बोर, आवळा, बांबू यांनी. साग, मोह, धावडा नंतर, जमीन थोडी धरल्यावर. आमच्याकडे उन्हाळ्यात पारा ४६-४७ ला जातो आणि काळा दगड त्याहून तापतो, म्हणून रोपाच्या बुडाशी पालापाचोळ्याचं आच्छादन हवंच. पहिले दोन उन्हाळे पाणी कोण देणार, हे रोप लावण्याआधी लिहून घ्या. चराईबंदीही गुराख्यांशी बसून ठरवा. त्यांना गवत कापून न्यायची मुभा दिली तर राखण तेच करतात.

कागद

केंद्राच्या कोळसा मंत्रालयाने २००९ साली खाण बंद करण्याच्या आराखड्याचे नियम केले. उघड्या खाणीसाठी तेव्हाच्या दराने हेक्टरी ६ लाख रुपये वेगळ्या खात्यात ठेवायचे असं त्यात ठरलं. म्हणजे वरच्या कामांना पैसा नाही हे उत्तर ऐकून परत येऊ नका. ग्रामपंचायतीने तीन कागद मागावेत: खाण बंद करण्याचा आराखडा, पर्यावरण मंजुरीचं पत्र आणि अटी पाळल्याचा सहामाही अहवाल. मिळत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज. आराखड्यातला नकाशा घेऊन ग्रामसभेत बसा आणि ढिगारा, नाला, गाळतळी नकाशावर आहेत तिथेच जमिनीवर आहेत का ते तपासा.

मग दरवर्षी मेमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये त्याच ठिकाणाहून त्याच दिशेला फोटो, जवळच्या चार विहिरींची पाणीपातळी, नाल्याचा पीएच आणि जगलेल्या रोपांची मोजणी, एवढं एका वहीत लिहा. वही शाळेत ठेवा, पंचायतीत नको, कारण सरपंच बदलला की कागद सापडत नाहीत.