रोआतान बेटावर होंडुरासचे जेवण: या चुका टाळा

होंडुरासच्या उत्तर किनाऱ्यासमोर कॅरिबियन समुद्रात रोआतान, उतिला आणि ग्वानाहा ही तीन मुख्य बेटे आहेत. त्यांपैकी रोआतानला मोठी क्रूझ जहाजे लागतात, आणि अमेरिकेत स्थायिक झालेली मराठी कुटुंबेही सुटीत अशा जहाजांनी कॅरिबियन बेटांवर फिरायला जातात. बंदरावर उतरलेले बरेचसे पर्यटक धक्क्यालगतच्या उपाहारगृहात बर्गर किंवा जर्क चिकन खाऊन जहाजावर परततात आणि तिथे खाण्यासारखे वेगळे काहीच नव्हते, असे सांगतात. जर्क चिकन मुळात जमैकाचे आहे. होंडुरासचे जेवण बेटावर भरपूर मिळते, फक्त ते कुठे, केव्हा आणि कसे मागायचे हे आधी ठाऊक असावे लागते.

सगळे जेवण एकाच घराण्याचे समजू नका

या बेटावर तीन स्वयंपाकपद्धती शेजारी शेजारी नांदतात. १२ एप्रिल १७९७ रोजी ब्रिटिशांनी सेंट व्हिन्सेंट बेटावरून हद्दपार केलेले गारिफुना लोक रोआतानवर उतरले, आणि नारळ, कच्ची केळी, कसावा (साबुदाण्याचा कंद) व मासळी यांवर उभे असलेले त्यांचे जेवण आजही पुंता गोर्दा या गावात शिजते. दुसरा समाज इंग्रजी बोलणाऱ्या बेटकरांचा. ब्रिटनने १८५९ च्या तहानुसार ही बेटे होंडुरासकडे सोपवली तरी त्यांची भाषा टिकली आणि नारळाच्या दुधात शिजवलेला राजमा-भातही टिकला. तिसरे लोक मुख्य भूमीवरून कामधंद्यासाठी आलेले, आणि बालेआदा हा पदार्थ, म्हणजे घेवडा व चीज घालून दुमडलेली मैद्याची पोळी, त्यांच्याबरोबर आला. त्यामुळे पश्चिम टोकाकडच्या वेस्ट बे या पर्यटकांच्या किनाऱ्यावर गारिफुना पदार्थ शोधणे किंवा पुंता गोर्दात जाऊन बालेआदाच मागणे, या दोन्ही गोष्टींत वेळ वाया जातो.

मेक्सिकन जेवणाच्या ओळखीवर विसंबणाऱ्यांचीही फसगत होते. होंडुरासमधली एन्चिलादा गुंडाळलेली नसते. ती तळलेल्या कुरकुरीत मक्याच्या चकतीवर खिमा आणि कोबी रचून देतात. शिवाय हे जेवण मुळात तिखट नसते. तिखट हवे असेल तर टेबलावरची कांदा-मिरचीच्या लोणच्याची बरणी पुढे ओढावी, त्याला ‘एन्कुर्तिदो’ म्हणतात. ती न पाहताच जेवण मिळमिळीत ठरवणे अन्यायाचे आहे.

बालेआदा: साध्यापासून सुरुवात करा

पर्यटक यादीतला सर्वांत भरगच्च प्रकार मागवतात, त्यात अंडे, मांस, अ‍ॅव्होकॅडो सारे काही असते आणि मूळ चव त्याखाली दबून जाते. पहिल्यांदा ‘सेन्सिया’, म्हणजे साधी बालेआदा मागवावी. चांगल्या टपरीवर मैद्याचे गोळे तेलाचा हात लावून झाकून ठेवलेले दिसतात. बाई त्यातला एक उचलते, लाटण्याला हात न लावता दोन्ही तळव्यांत थापटत आणि कडेने ओढत तो पसरते आणि तापलेल्या तव्यावर टाकते. पोळीवर फोड येऊन त्यांवर तपकिरी ठिपके पडले की ती उलटते, मग लगेच लाल घेवड्याचा परतलेला लगदा, किसलेले खारट कोरडे चीज आणि पातळ आंबट साय घालून अर्धी दुमडून हातात देते. ती तिथेच, उभ्या उभ्या खावी. बांधून घेऊन तासाभराने खाल्ली तर पोळी चिवट होते आणि दोष मात्र पदार्थाला दिला जातो. आधीच भाजून रचून ठेवलेल्या पोळ्या जिथे दिसतील, ती टपरी सोडून पुढे जावे.

शाकाहारी वाचकांनी इथे विशेष जपावे. साधी बालेआदा वरवर पाहता शाकाहारी असते. परंतु घेवडा डुकराच्या चरबीत परतलेला असू शकतो आणि कधी पोळीच्या पिठातही ती असते. भातात कोंबडीच्या अर्काची वडी घालण्याचीही पद्धत आहे. केवळ ‘मांस नको’ असे सांगून भागत नाही, कारण ‘कार्ने’ हा शब्द ऐकताना अनेकांच्या मनात प्रामुख्याने गोमांस असते, कोंबडी नसते. म्हणून ‘सिन मांतेका’ (चरबीशिवाय), ‘सिन कार्ने’ आणि ‘सिन पोयो’ (कोंबडीशिवाय) ही तिन्ही सांगावीत आणि घेवडा कशात परतला आहे हे वेगळे विचारावे. उत्तर समाधानकारक नसेल तर तळलेली केळी, अ‍ॅव्होकॅडो आणि नारळाचा पाव, म्हणजे ‘पान दे कोको’, यांवर पोट चांगले भरते. पण केळी कोणत्या तेलात तळली आहेत आणि पावात काय घातले आहे, हेही विचारून घ्यावे.

समुद्राचे पदार्थ आणि घड्याळ

तापादो म्हणजे मासे, कोळंबी किंवा खेकडे, कच्ची-पिकी केळी आणि कसावा नारळाच्या दुधात शिजवलेले कालवण. ते तयार ठेवलेले नसते, पुष्कळदा मागणी आल्यावर चढते, म्हणून जहाजाची वेळ जवळ आलेली असताना ते मागवू नये. पुंता गोर्दा बेटाच्या पूर्वेकडच्या भागात आहे आणि पश्चिम टोकाकडून तिथे पोहोचायला बराच वेळ लागतो. टॅक्सीवाल्याशी परतीचेही भाडे आधीच ठरवून घ्यावे. होंडुरासमध्ये उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, त्यामुळे फ्लोरिडाच्या वेळेवर चालणारे जहाज उन्हाळ्यात बेटाच्या दोन तास पुढे असू शकते. घड्याळ जहाजाच्याच वेळेवर ठेवावे.

सोपा दे काराकोल हे मोठ्या सागरी शंखातल्या प्राण्याचे सूप आहे. त्याचे तुकडे रबरासारखे लागले तर मांस नीट कुटलेले नाही किंवा ते फार वेळ उकळले आहे, असे समजावे. जाणती बाई ते शेवटी घालते. शेवंड मागवण्यापूर्वी महिना पाहावा, कारण मार्च ते जून हा होंडुरासमधला शेवंडीच्या मासेमारीचा बंदीकाळ असतो. मोठा बॅराकुडा मासा टाळलेलाच बरा, कारण प्रवाळखडकांतल्या मोठ्या शिकारी माशांत साठणारे सिग्वाटेराचे विष शिजवूनही जात नाही. लायनफिश मात्र निःशंक मनाने मागवावा. तो हिंदी-प्रशांत महासागरातून आलेला उपरा मासा कॅरिबियनमधल्या स्थानिक माशांची पिल्ले खाऊन टाकतो; विष त्याच्या काट्यांत असते, मांसात नव्हे.

माचुका खाताना पुष्कळांचा घोळ होतो. लाकडी उखळात कुटलेल्या केळ्यांचा गोळा आणि नारळाच्या दुधातले मासळीचे सूप वेगवेगळ्या भांड्यांत येते, आणि पाहुणे दोन्ही एकत्र कालवून पिठले करून टाकतात. गोळ्याचा लहान घास तोडावा, सुपात बुडवावा आणि खावा. हाताने जेवणाऱ्या आपल्या लोकांना हे शिकवावे लागत नाही. कासाबेचेही तसेच आहे. साबुदाणा ज्या कंदापासून होतो त्याच कसाव्याच्या कडू जातीतला विषारी रस वेताच्या लांब पिशवीत पिळून काढतात आणि उरलेल्या चोथ्याची पातळ, कडक भाकरी भाजतात. नुसती खाल्ली तर ती लाकडाच्या भुशासारखी लागते, सुपाबरोबर खाल्ली तर तिचा अर्थ कळतो. २०२४ मध्ये युनेस्कोने कासाबे बनवण्याच्या परंपरेचा अमूर्त वारशाच्या यादीत समावेश केला असून, तो होंडुराससह पाच देशांच्या नावे आहे.

गिफिती ही मुळ्या-सालींत मुरवलेली रम औषधी म्हणून पुढे केली जाते, पण ती कडक असते; त्या दिवशी पाण्याखाली बुडी मारायची असेल तर तिला हात लावू नये. पैशांचे म्हणाल तर डॉलर जवळपास सगळीकडे चालतात, पण टपरीवर मोठ्या नोटेची मोड मिळत नाही. गेल्या काही वर्षांत एका डॉलरला साधारण २५ लेंपिरा (होंडुरासचे चलन) मिळत आले आहेत, तेवढ्या हिशेबाने थोड्या सुट्या लेंपिरा खिशात ठेवाव्यात. आणि कोणी इग्वानाचे मांस देऊ केले तर स्पष्ट नकार द्यावा: रोआतानवरचा काटेरी शेपटीचा इग्वाना हे बेट आणि त्याच्या लगतची छोटी बेटे सोडून जगात कुठेही आढळत नाही.