रेंज ट्रेकसाठी सॅक घेताय? या चुका टाळा

शुक्रवारी रात्री ठाणे स्टेशनवर कसारा लोकलची वाट बघणाऱ्या घोळक्यात नवखा ट्रेकर शोधायला चेहरा बघावा लागत नाही, पाठ बघितली की पुरे. सॅक पार ढुंगणाखाली लोंबलेली, कमरेच्या पट्ट्याची दोन्ही टोकं मोकळी, तळाशी आडवी बांधलेली कॅरीमॅट (झोपायची फोमची चटई) आणि बाजूला सुतळीने टांगलेला टोप. एका दिवसाच्या कळसूबाईला हे सगळं खपून जातं. रतनगड–कात्राबाई खिंड–हरिश्चंद्रगड असा गडाला गड जोडत जाणारा तीन दिवसांचा रेंज ट्रेक असला, की दुसऱ्या दिवशी दुपारी खांदे बोलायला लागतात. मग "स्टॅमिना कमी पडला" म्हणून मोकळं व्हायचं. स्टॅमिना ठीकच असतो हो, सॅक चुकलेली असते.

आधी सॅक, मग सामान

सगळ्या चुकांची आई ही. सॅक ही शेवटी घ्यायची वस्तू. नवखे ती सगळ्यात आधी घेतात, तीही सेल लागला म्हणून, आणि ७५ लिटरची. मोठी असलेली बरी, हा युक्तिवाद गोदरेजच्या कपाटाला लागू पडतो, पाठीला नाही. रिकामी जागा दिसली की माणूस ती भरतोच: तिसरी जीन्स, दोन किलो कांदे, ब्लूटूथ स्पीकर.

आधी सामान जमवा आणि घरच्या वजनकाट्यावर एकेक वस्तू मोजा. तीन दिवसांसाठी साधारण असा हिशेब निघतो. स्लीपिंग बॅग १.१ किलो, कॅरीमॅट ३५० ग्रॅम, तंबूतला आपला वाटा १.३ किलो, कपडे आणि रेनकोट १.४, कोरडा शिधा १.६, स्टोव्ह आणि टोपातला वाटा १ किलो, टॉर्च-औषधं वगैरे किडुकमिडुक अर्धा किलो, साडेतीन लिटर पाणी म्हणजे तेवढेच किलो, आणि रिकामी सॅक १.८. बेरीज साडेबारा किलोच्या आसपास. शरीराच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापुढे ओझं जाऊ नये, असा ढोबळ नियम आहे. ६५ किलोच्या माणसाला १३ किलो. म्हणजे आपण आधीच कडेवर आहोत, स्पीकरला जागा नाही.

आता हेच सामान लिटरमध्ये बघा. दाबून भरलेली स्लीपिंग बॅग १०, कपडे ८, तंबूचा भाग ६, शिधा आणि स्वयंपाक १२, पाणी ४, बाकी ५. झाले ४५. ५० लिटरची सॅक घेतली तरी पाच लिटर हाताशी उरतात. सह्याद्रीत ६० लिटरच्या वर जायचं कारण दोनच: ग्रुपचा रोप, म्हणजे दोर, तुमच्याकडे असणं किंवा हिमालयाचा बेत असणं.

रस्त्यावर मिळणाऱ्या सॅकवर छापलेल्या '७० लिटर'वर तर विसंबूच नका. पाण्याचा २० लिटरचा जार डोळ्यांसमोर आणा. असे साडेतीन जार त्या पिशवीत बसतील का? बहुतेक वेळा दोनातच ती टुम्म होईल.

पाठीची लांबी न मोजणं

चपलेचा नंबर सगळ्यांना पाठ असतो, पाठीचा कुणालाच नाही. सॅकचा नंबर उंचीवरून ठरत नाही. पाच फूट आठ इंच उंचीच्या दोघांच्या पाठीत चार सेंटिमीटरचा फरक सहज असतो, कारण एकाचे पाय लांब आणि दुसऱ्याचं धड.

मोजायला शिंप्याची टेप आणि घरातलं एक माणूस लागतं. मान खाली घाला. मानेच्या मुळाशी जो मणका टोकदार लागतो तिथून सुरुवात. मग दोन्ही हात कमरेच्या हाडांवर ठेवा, अंगठे मागे. दोन अंगठ्यांना जोडणारी रेघ हा शेवट. या दोन खुणांमधलं अंतर पाठीच्या बाकाबरोबर टेप टेकवून मोजायचं. मोठ्या माणसांत ते साधारण ४० ते ५२ सेंमी येतं. स्वतःचं स्वतः मोजू नका, हात मागे नेला की पाठ वाकते आणि आकडा खोटा येतो.

आता हे इतकं महत्त्वाचं का? ओझं खांद्यांनी वाहायचं नसतं, ते कमरेच्या हाडांवर बसवायचं असतं. खांद्याचे पट्टे सॅक मागे कलू नये म्हणून असतात. पाठीपेक्षा सॅक लांब असली की कमरपट्टा हाडांच्या खाली उतरतो आणि चढावर पाय उचलताना मांडीला अडतो. आखूड असली की पट्टा पोटावर येतो, श्वास अडकतो, माणूस वैतागून बकल सोडतो आणि साडेबारा किलो दोन खांद्यांवर. कात्राबाईच्या चढावर जे बकल सोडून चालताना दिसतात त्यांना विचारा, "टोचतं" एवढंच सांगतील.

दुकानात सॅक रिकामी घालून आरशात बघणाऱ्यांना काय म्हणावं! रिकामी सॅक सगळ्यांनाच शोभते. दुकानदाराकडे १० किलो वजन मागा. तो कुरकुरला तर पुढचं दुकान. वजन भरल्यावर क्रम असा: सगळे पट्टे सैल करा. सॅक चढवा. कमरपट्ट्याची मधली रेघ कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेवर येईल असा पट्टा बसवा आणि बकल लावून आवळा. मग खांद्याचे पट्टे ओढा, पण फक्त टेकतील इतके. त्यानंतर खांद्याच्या वरून सॅकच्या डोक्याकडे जाणारे छोटे पट्टे, म्हणजे लोड लिफ्टर. आवळल्यावर ते साधारण ४५ अंशांत तिरपे दिसायला हवेत. आडवे किंवा खाली झुकलेले दिसले तर सॅक पाठीला आखूड आहे. छातीचा पट्टा सगळ्यात शेवटी, गळ्याच्या हाडाखाली दोन-तीन बोटं.

खांदा आणि पट्टा यांच्यात हात सरकवून बघा. सहज सरकला तर ओझं कमरेवर आहे. कमरपट्टा पूर्ण आवळल्यावर दोन्ही बाजूंच्या गाद्यांमध्ये समोर दहाएक सेंटिमीटर जागा उरायला हवी. गाद्या एकमेकींना भिडल्या तर पट्टा तुमच्या कमरेला मोठा आहे, आणि ट्रेकमध्ये घाम गाळून कंबर आणखी बारीकच होणार. बायकांसाठीच्या सॅकचे खांदापट्टे वेगळ्या वळणाचे असतात आणि पाठ आखूड. तो फरक रंगापुरता नाही, त्यामुळे दादाची सॅक ताईला चालेलच असं समजू नका.

बाहेर टांगाटांगी

ही चूक नुसती गैरसोयीची नाही, धोक्याची आहे. एक प्रसंग सांगण्यासारखा आहे. भीमाशंकरहून शिडी घाटाने खांडसला उतरणाऱ्या बारा जणांच्या ग्रुपमध्ये एक नवा मुलगा होता. ७५ लिटरची सॅक, तळाशी आडवी कॅरीमॅट, एका बाजूला टोप. कॅरीमॅटची रुंदी ६० सेंमी, मुलाचे खांदे ४५. म्हणजे मॅट दोन्हीकडून साडेसात सेंटिमीटर बाहेर. सपाटीवर याने काही बिघडत नाही. शिडीजवळच्या कातळावर मात्र आडवं सरकावं लागतं, डावीकडे भिंत, उजवीकडे दरी. त्याने तोंड भिंतीकडे करण्याऐवजी वाटेवर चालतात तसा सरळ पाय टाकला. मॅटचं टोक भिंतीला टेकलं आणि भिंतीने त्याला बाहेर ढकललं. जोर काही मोठा नव्हता, पण सॅक सैल होती, ती उजवीकडे झुलली आणि टोप हेलकावून गुडघ्यावर आदळला. पुढच्याने सॅकची वरची पट्टी धरली म्हणून तो जागेवर राहिला. मग तिथेच सॅक उतरवा, रोपला बांधा, खाली सोडा, पोराला मोकळ्या अंगाने उतरवा. बारा जणांचा दीड तास तिथे गेला आणि खांडसला पोचेपर्यंत अंधार पडला.

कॅरीमॅट बाहेर बांधायचीच तर उभी बांधा, सॅकच्या बाजूला, वर आणि खाली दोन पट्ट्यांनी. त्याहून बरं म्हणजे तिची नळी करून सॅकच्या आत उभी घाला आणि त्या नळीत सामान भरा. सॅकला आकार येतो, स्टोव्हचा कोपरा पाठीला टोचत नाही आणि मॅट कोरडी राहते. टोप आत जातो, टोपात शिधा जातो. बाहेर फक्त बाटली, तीही खोल खिशात. उथळ खिशातली बाटली हरिश्चंद्रगडाच्या 'नळीची वाट' नावाच्या घळीतल्या दगडधोंड्यांत एकदा सुटली की खालच्यांच्या डोक्यावर.

शिवाय कारवी. सप्टेंबरनंतर वाळलेल्या कारवीच्या रानात बाहेर लोंबणारा प्रत्येक बंद, प्रत्येक लूप अडकतो. पट्ट्यांची मोकळी टोकं गुंडाळून रबरबँड लावायची, त्याला दोन मिनिटं लागतात. घाईतल्या मंडळींना तेवढीही नसतात, मग रानात दहा मिनिटं जातात.

परदेशी व्हिडिओ बघून घेतलेली सॅक

हे नवं खूळ. अमेरिकेतल्या शिकाऱ्यांसाठी बनवलेल्या सॅकचे व्हिडिओ भारी असतात यात वाद नाही. त्या सॅकमध्ये पिशवी फ्रेमपासून, म्हणजे सॅकला ताठ ठेवणाऱ्या सांगाड्यापासून, सुटी होते आणि मधल्या जागेत मारलेल्या जनावराचं मांस पाठीलगत आवळून बांधता येतं. तीस-चाळीस किलो मांस डोंगरातून खाली आणायचं म्हणून ती फ्रेम, ते जाड पट्टे आणि रिकाम्या सॅकचं तीन किलो वजन. आपल्याकडे १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे. म्हणजे बंदुकीचा कप्पा, मांसाचा कप्पा आणि वरचा सव्वा किलो हे सगळं तुम्ही फुकट वाहणार. त्यात तो पानाफुलांचा छद्मरंग. वाट चुकलेला माणूस समोरच्या धारेवरून दिसायला हवा, लपायला नको. नारिंगी किंवा लाल सॅक घ्या, निदान कव्हर तरी.

रेन कव्हर आहे ना, मग झालं

नाही झालं. कव्हर बाहेरून झाकतं, पाठीकडची बाजू उघडीच असते. पाणी मानेवरून, पट्ट्यांवरून पाठीत उतरतं आणि कापडातून आत झिरपतं. वरून सह्याद्रीतला वारा कव्हर उडवून कोकणात पोचवतो ते वेगळं. कव्हर चिखलापासून वाचवायला ठेवा, पण खरं काम आतल्या पिशवीचं: कचऱ्यासाठी मिळते ती जाड, मोठी काळी पिशवी सॅकच्या आत अस्तरासारखी लावा, सामान भरा, तोंडाला दोन पीळ देऊन दुमडा. स्लीपिंग बॅग आणि रात्रीचे कपडे त्याच्या आत आणखी एका पिशवीत.

बाकीच्या, थोडक्यात

जाळीदार पाठीची सॅक हवेशीर असते, पण ओझं पाठीपासून तीन-चार सेंटिमीटर लांब जातं आणि मागे खेचतं. दहा किलोच्या आत ठीक, वर नको. ऑक्टोबरमध्ये पाठ अशीही भिजणारच आहे.

फ्रेम आहे का बघायला सॅक जमिनीवर उभी ठेवून वरून दाबा. घडी पडली तर ती कॉलेजची बॅग.

जड सामान तळाशी भरू नका. तळाला स्लीपिंग बॅग, पाणी-शिधा-टोप मध्ये पाठीलगत, हलकं बाहेरच्या बाजूला, रेनकोट सगळ्यात वर.

फेब्रुवारीनंतर गडांवरची पाण्याची बरीच टाकी आटतात. तेव्हा साडेतीन नाही, पाच लिटर पाणी धरा आणि दुसरीकडे दीड किलो कमी करा.

सॅक एका पट्ट्याला धरून खांद्यावर भिरकावू नका. तिथलीच शिवण उसवते. मानेजवळच्या लूपला धरून आधी मांडीवर घ्या, मग पाठीवर.

नवी सॅक थेट डोंगरावर नेणं

नवे बूट कुणी थेट नेत नाही, सॅक मात्र नेतात. पाण्याच्या लिटरभराच्या दहा बाटल्या भरा आणि बेलापूरच्या पारसिक टेकडीचा चढ, येऊरचा रस्ता किंवा मुंब्रा देवीच्या पायऱ्या, जे जवळ असेल ते दोनदा करा. सोसायटीचा जिनाही चालेल, लिफ्टवाले हसतील तेवढंच. उतरताना गुडघे दुखायला लागले तर बाटल्या ओतून टाका, वजन म्हणून पाणी घ्यायचा हाच फायदा. तासाभरात जे काचतं ते तीन दिवसांत सोलवटतं, त्यामुळे "सवय होईल" म्हणून सोडून देऊ नका. बिल जपून ठेवा, टॅग काढू नका, बदलून आणा.

ट्रेकहून आल्यावर माळ्यावर फेकणं

ठाण्या-नवी मुंबईच्या खाडीकाठच्या हवेत हे सॅकच्या मुळावर येतं. कापडाच्या आतल्या बाजूला पॉलियुरेथेनचा पातळ थर असतो. ओल आणि उष्णता मिळाली की तो हळूहळू विघटतो, आधी चिकट होतो, मग त्याचे पापुद्रे पडतात आणि आंबूस वास येतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून माळ्यावर टाकलेली सॅक दोन-तीन पावसाळ्यांत अशी होऊ शकते, आणि एकदा चिकटली की ती परत येत नाही. वॉशिंग मशिनही नको. साध्या पाण्याने आणि सौम्य साबणाने हाताने धुवा, सगळ्या चेनी उघडून सावलीत उलटी टांगा, पूर्ण वाळली की कपाटात मोकळी लटकवा.

चेन अडकत असेल तर तिच्यावर मेणबत्ती घासा. चेन लागूनही मागून उघडत असेल तर दात बहुतेक शाबूत असतात, सरकणारा खटका सैल झालेला असतो. पक्कडीने त्याच्या दोन्ही बाजू अगदी हलक्या दाबा, जोर लावलात तर तो तुटेल. आणि सॅकच्या वरच्या खिशात एक दाभण, दोन मीटर जाड नायलॉन दोरा आणि कमरपट्ट्याच्या मापाचं एक जास्तीचं बकल कायम असू द्या. घेताना पट्ट्याची रुंदी मोजून घ्या, २५ मिलिमीटरचं बकल ३८च्या पट्ट्याला बसत नाही.