सावलीवरून चंद्रावरच्या डोंगराची उंची कशी मोजायची

चंद्रावर हवा नाही, त्यामुळे सावली काळीकुट्ट पडते आणि तिची लांबी मोजता येते. साधारण १५० मिमी व्यासाची दुर्बीण, ग्रहांच्या छायाचित्रणाचा कॅमेरा आणि थोडी त्रिकोणमिती एवढ्यावर एका डोंगराची उंची शंभर-दोनशे मीटरच्या चुकीत काढता येते. अवघड भाग गणिताचा नाही, सावलीची दोन टोकं नेमकी कुठे धरायची हा आहे.

पहिल्यांदा सपाट मैदानात एकटा उभा असलेला डोंगर निवडा. मारे इम्ब्रियम या चंद्रावरच्या काळसर सपाट मैदानातला माँस पिटॉन हा डोंगर (अक्षांश ४०.६° उत्तर, रेखांश सुमारे १° पश्चिम) यासाठी फार चांगला. अष्टमीच्या अर्धचंद्रानंतर काही तासांतच त्याच्यावर सूर्य उगवतो. तिथला सूर्य क्षितिजापासून ४ ते ८ अंश वर असताना चित्र घ्या. ३ अंशांखाली मैदानातले बारीक उंचवटेही सावलीत मिसळतात. १५ अंशांच्या वर सावली इतकी आखूड होते की ती डोंगराच्या उतारावरच संपते, मग मोजायला काही उरत नाही.

चित्रण नेहमीसारखंच: एक्स्पोजर ५ ते १० मिलिसेकंद, दोन मिनिटांत हजार-दोन हजार फ्रेम, त्यातल्या उत्तम दहा टक्के एकत्र करायच्या. गामा (उजेड-अंधाराचा उतार बदलणारी सेटिंग) बदलू नका. शार्पनिंगचा हात आखडता ठेवा. जास्त झालं की सावलीच्या कडेला पांढरी किनार उमटते आणि कड एक-दोन पिक्सेल सरकते. चित्र दिसायला सुंदर होतं, मोजायला निकामी. चित्रीकरणाच्या मधली वेळ यूटीसीमध्ये (जागतिक प्रमाणवेळेत) मिनिटापर्यंत लिहून ठेवा. चंद्रावर सूर्य तासाला सुमारे अर्धा अंश सरकतो. पिटॉनच्या बाबतीत वेळेत तासाची चूक झाली, तर उंची पावणेदोनशे मीटरनं बदलते.

आता प्रमाण, म्हणजे एका पिक्सेलला किती किलोमीटर. चंद्राच्या उजळ कडेवरचे बिंदू घेऊन त्यातून वर्तुळ बसवा आणि ३४७५ किमी भागिले वर्तुळाचा व्यास (पिक्सेलमध्ये) करा. कंस जितका लांब, तितकं वर्तुळ नेमकं बसतं. कोरीच्या दोन टोकांमधलं अंतर मोजू नका; टोकं अंधुक असतात, एक्स्पोजरमध्ये हरवतात. चंद्राचं सरासरी अंतर धरून प्रमाण काढायचा मोहही टाळा, कारण खरं अंतर ३.५६ ते ४.०७ लाख किमी असं बदलत राहतं.

मग सावली. तिचं सुरुवातीचं टोक डोंगराच्या सावलीकडच्या पायथ्याशी नसतं. उजळलेला उतार जिथे संपून काळोख सुरू होतो, ती शिखररेषा, मोजमाप तिथून. हीच चूक सर्वांत जास्त होते, आणि तिच्यामुळे उंची नेहमी कमीच येते. दुसरं टोक धूसर दिसतं, पण दोष दुर्बिणीचाच असतो असं नाही. चंद्रावरूनही सूर्य अर्ध्या अंशाची थाळीच दिसतो, त्यामुळे सूर्य ५ अंशांवर असताना पिटॉनच्या सावलीच्या टोकाला तीन-चार किलोमीटरची उपछाया (अर्धवट उजेडाचा पट्टा) पडते. सावलीच्या रेषेवर उजेडाचा आलेख काढा आणि काळोख व मैदान यांच्या बरोबर मधला उजेड जिथे येतो, तो बिंदू धरा.

नासाच्या जेपीएल प्रयोगशाळेच्या होरायझन्स या ऑनलाइन सेवेतून त्या वेळेचे तीन आकडे घ्या: सूर्य जिथे डोक्यावर आहे त्या बिंदूचे (सूर्यबिंदूचे) अक्षांश आणि रेखांश, आणि कला-कोन (सूर्य-चंद्र-पृथ्वी). पुढची समीकरणं अशी:

साइन(सूर्याची उंची) = साइन(सूर्यबिंदू अक्षांश) × साइन(डोंगर अक्षांश) + कोसाइन(सूर्यबिंदू अक्षांश) × कोसाइन(डोंगर अक्षांश) × कोसाइन(रेखांशांतला फरक)

खरी लांबी = मोजलेली लांबी ÷ साइन(कला-कोन)

डोंगराची उंची = खरी लांबी × साइन(सूर्याची उंची) − खऱ्या लांबीचा वर्ग ÷ ३४७५

उत्तर अक्षांश आणि पूर्व रेखांश धन, दक्षिण आणि पश्चिम ऋण. दुसऱ्या समीकरणातली लांबी शिखरापासून सावलीच्या टोकापर्यंतच्या सूर्यकिरणाची आहे, त्यामुळे डोंगर चकतीच्या कडेकडे असला तरी वेगळी दुरुस्ती लागत नाही. वजाबाकीची राशी चंद्राच्या गोलाईसाठी.

समजा, सूर्यबिंदू ८२° पूर्व आणि अक्षांश शून्य, कला-कोन ८२°, प्रमाण १.२ किमी प्रति पिक्सेल, सावली २२ पिक्सेल. मोजलेली लांबी २६.४ किमी, खरी २६.७. रेखांशांतला फरक ८३°, म्हणून सूर्याची उंची ५.३°. गुणाकार २.४७ किमी, त्यातून गोलाईचे ०.२१ गेले की उरले २.२६ किमी. पिटॉनची मान्य उंची साधारण एवढीच आहे. एक पिक्सेल इकडेतिकडे झाला तर फरक सुमारे ९० मीटरचा.

सूर्यबिंदूचा अक्षांश दीड अंशाच्या आसपासच फिरतो म्हणून पुष्कळ जण तो सोडून देतात. वरच्याच उदाहरणात तो शून्याऐवजी +१.५° असता, तर उंची २.७ किमी आली असती. साडेचारशे मीटरचा फरक! विषुववृत्ताजवळच्या डोंगरांना हा आकडा फारसा जाणवत नाही, पिटॉनला जाणवतो.

मिळालेली उंची सावलीच्या टोकाखालच्या जमिनीपासूनची असते. म्हणून सूर्योदयानंतर आणि सूर्यास्तापूर्वी, म्हणजे सावली पश्चिमेला असताना एकदा आणि पूर्वेला असताना एकदा, अशी दोन्ही मापं घ्या. दोन्हींत मोठी तफावत आली तर एका बाजूची जमीन उंच-सखल आहे. नंतर २००९ साली गेलेल्या नासाच्या एलआरओ या चंद्राभोवती फिरणाऱ्या यानावरच्या लोला या लेसर उंचीमापकाच्या नकाशाशी ताडून पाहा. पण आपला आकडा वहीत लिहून झाल्यावरच. आधी पाहिलं की सावलीचं टोक नकळत हवं तिथेच दिसायला लागतं.